मयतीची मोजणी: कशी करायची आणि कुणाच्या परवानगीनं

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



आयोजकांनी मला सांगितलंय की तुम्हाला बीड जिल्ह्यातल्या २०२१ च्या कोरोना मृत्यूंचा अभ्यास करायचा आहे. घरोघरी जायचं, कोण गेलं ते लिहून घ्यायचं, आकडा काढायचा आणि अहवाल प्रसिद्ध करायचा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॉक्टर नाही, संख्याशास्त्राचा प्राध्यापकही नाही. पण वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या याद्या एकमेकींशी जुळवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळं मी बोलणार आहे ते यादीबद्दल. ती कशी बनते, कुठं फसवते, आणि तिच्यातल्या माणसांचं आपण काय देणं लागतो.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यात अंबाजोगाईत जागा अपुरी पडली म्हणून आठ मृतदेहांवर एकाच चितेवर अंत्यसंस्कार करावे लागले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला, रविवारी, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानात नेले गेले. देशभर तो फोटो फिरला. रुग्णालयाचं म्हणणं होतं की आमच्याकडे दोनच रुग्णवाहिका आहेत, जास्तीच्या मागितल्या होत्या. चौकशीचे आदेश निघाले.

बावीस हा आकडा आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी फोटो काढला. ज्या दिवशी फोटो काढला नाही, त्या दिवशीचा आकडा कुठून काढायचा? तुमच्या अभ्यासाचा खरा प्रश्न हा आहे.

सरकारी आकडा आहेच की, असं कुणी म्हणेल. तो बघू. २०२१ संपेपर्यंत देशात कोरोनाचे अधिकृत मृत्यू होते ४ लाख ८१ हजारांच्या आसपास. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अंदाज दिला: २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू. केंद्र सरकारनं या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला. गणिती मॉडेल आमच्या देशाला लावू नका, असं म्हटलं. ठीक आहे, मॉडेल बाजूला ठेवा. मे २०२५ मध्ये खुद्द सरकारनं २०२१ च्या मृत्यूनोंदणीचे आकडे प्रसिद्ध केले. २०१९ मध्ये देशात ७६ लाखांच्या वर मृत्यू नोंदले गेले होते, २०२० मध्ये ८१ लाख, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी. यातला प्रत्येक मृत्यू कोरोनाचाच होता असं कुणी म्हणत नाही. नोंदणी सुधारली, हेही एक कारण आहे. पण उडी आहे, आणि ती सरकारच्याच वहीत आहे.

यात कुणाचं काय अडलंय? पैसे अडलेत. ३० जून २०२१ रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना मदत द्या. त्यातून पन्नास हजार रुपये ठरले. ऑक्टोबरमध्ये कोर्टानं असंही बजावलं की मृत्यू प्रमाणपत्रावर ‘कोविड’ लिहिलेलं नाही, एवढ्याच कारणावरून मदत नाकारता येणार नाही. टेस्ट झाल्यापासून तीस दिवसांत माणूस गेला, तर तो मृत्यू कोरोनाचा धरायचा होता, दवाखान्याबाहेर गेला असला तरी. जानेवारी २०२२ मध्ये कोर्टासमोर राज्यांचे आकडे आले तेव्हा महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू होते १ लाख ४१ हजार, आणि मदतीसाठी आलेले अर्ज २ लाख १३ हजारांच्या वर. काही अर्ज खोटे, काही दोनदा केलेले असणार. कोर्टानं पुढं चार राज्यांतले पाच टक्के अर्ज तपासायला सांगितले, त्यात आपलंही राज्य होतं. पण ज्यांनी अर्जच केला नाही त्यांचं काय? ज्यांची टेस्टच झाली नाही, घरातच दम भरून गेले, त्यांचं काय? तुम्ही ज्या दारात जाणार आहात त्यातली बरीच दारं अशीच असतील. तिथं तुम्ही वही उघडली की समोरच्या बाईला वाटणार, पन्नास हजाराचं काहीतरी होतंय. तुम्ही तसं म्हणाला नाहीत तरी वाटणार. हे लक्षात ठेवा, मी यावर परत येणार आहे.

आता पद्धत.

पहिली अडचण: कायद्यानं मृत्यूची नोंद तो जिथं झाला तिथं होते, माणूस जिथला तिथं नाही. धारूरचा माणूस संभाजीनगरच्या घाटीत गेला, तर नोंद तिकडं. आष्टीचा नगरला गेला, तर नोंद नगरला. ऊसतोडीला गेलेला माणूस कोल्हापूर-सांगलीकडं किंवा कर्नाटकात गेला, तर तो आपल्या जिल्ह्याच्या वहीत नाहीच. उलट अंबाजोगाईच्या रुग्णालयात शेजारच्या जिल्ह्यांतलेही पेशंट येतात, त्यांचे मृत्यू आपल्या वहीत येतात. म्हणजे नगरपालिकेचं रजिस्टर उघडून ‘आमच्या गावात इतके गेले’ असं म्हणता येत नाही. घरापासून सुरुवात करावी लागते. १ जानेवारी २०१९ ला या घरात कोण कोण राहत होतं? त्यातलं आज कोण नाही? कधी आणि कुठं गेलं? कोरोना हा शब्द तुम्ही आधी काढायचाच नाही. सगळे मृत्यू विचारायचे, सगळ्या वर्षांचे. २०१९ चे मृत्यू विचारल्याशिवाय २०२१ ला जास्त झाले की नाही, हे कळणार कसं?

‘या घरात’ म्हणजे कुणाच्या, हेही आधी ठरवा. आपल्या जिल्ह्यात माणसं मोजायचं एक वेगळंच माप आहे: कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. त्याच्या वहीत पुरुषाचं नाव असतं आणि बाई त्या कोयत्यात विरघळून जाते. तुम्ही मुकादमाची यादी आधाराला घेतली, तर अर्धी माणसं तिथंच गळाली.

दुसरी अडचण कागदावरच्या कारणाची. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचातल्या एका मृत्यूचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं असतं. बाकीच्यांचं कारण घरच्यांना विचारून ठरवावं लागतं. शेवटच्या दिवसांत ताप होता का, किती दिवस, दम भरत होता का, चव गेली होती का, घरात आणखी कुणाला होतं का. याची तयार प्रश्नावली मिळते, स्वतःची बनवू नका. मात्र ती घरातल्या बोलीत विचारा. आपल्या घरांत दखनी बोलतात, बाजूच्या घरात मराठी, तांड्यावर बंजारा. छापील मराठीत ‘श्वसनास त्रास होत होता काय’ असं विचारलं, तर माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो आणि तुमची नोंद वाया जाते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. इथं थोडा वेळ घेतो, कारण तुमचा अहवाल पाडायचा झाला तर इथूनच पाडता येईल.

समजा तुमच्याकडे दोन याद्या आहेत. एक कब्रस्तान कमिटीची वही, दुसरी दवाखान्याची यादी. वहीत ६० नावं, यादीत ५०, आणि ३० नावं दोन्हींत. यावरून, दोन्हींत न आलेले धरून एकूण किती असतील, याचा अंदाज काढायची रीत आहे. साठ गुणिले पन्नास, भागिले तीस: शंभर. तळ्यातले मासे मोजायला ही रीत वापरतात. आधी काही मासे पकडून खूण करायची, सोडायचे, परत जाळं टाकायचं आणि खुणेचे किती आले ते बघायचं. युद्धात आणि आपत्तीत गेलेली माणसं मोजायलाही हीच वापरतात.

पण आपली नावं बघा कागदावर कशी असतात. वहीत ‘शेख अ. रहीम शे. करीम’. दवाखान्यात इंग्रजीतून टाइप केलेलं आणि परत मराठीत आणलेलं ‘अब्दुल रहिम करिम शेख’. तिसरीकडं नुसतं ‘रहीमभाई’. सय्यदचा कुठं ‘स.’, कुठं ‘सैय्यद’. मोहम्मदचा ‘म.’, ‘मो.’, ‘मोहंमद’. बायकांचं आणखी अवघड. आपल्या मराठवाड्याच्या कागदात ‘भ्र.’ लिहून पुढं नवऱ्याचं नाव येतं, दुसऱ्या कागदात वडिलांचं, आणि कब्रस्तानच्या वहीत कधी कधी नुसतं ‘अमक्याची वालिदा’. कॉम्प्युटरला ही तीन वेगळी माणसं वाटतात. मग दोन्ही याद्यांत असलेली नावं तीसच्या जागी वीसच सापडतात. भागाकार परत करा. उत्तर शंभर नाही, दीडशे. नावं नीट जुळली नाहीत म्हणून पन्नास माणसं मेली. त्यात जो माणूस शहरात दवाखान्यात गेला तो बऱ्याचदा तिथंच दफन झाला, गावच्या वहीत आलाच नाही. म्हणजे या दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, आणि त्यामुळंही आकडा फुगतो.

मोठा आकडा आपल्या बाजूचा वाटतो, म्हणून तो आपण तपासत नाही. माझं म्हणणं उलटं आहे. जो आकडा आपल्याला आवडला तो दोनदा तपासायचा. नावं जुळवताना किमान दोघांनी, एकमेकांना न सांगता जुळवायची, आणि जिथं दोघांचं पटत नाही त्या नावांवर परत त्या घरी जायचं.

आणि अंदाज असेल तर अंदाज म्हणा. पोर्टो रिकोत सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया नावाचं वादळ आलं. सरकारी आकडा बराच काळ ६४ होता. हार्वर्डच्या संशोधकांनी कुठलीही घरं निवडावीत तशी ३,२९९ घरं निवडून विचारणा केली आणि २०१८ मध्ये सांगितलं की जादा मृत्यू ४,६४५ असावेत. पण त्यांनी हेही लिहिलं की खरा आकडा ७९३ ते ८,४९८ यात कुठंही असू शकतो. वर्तमानपत्रांनी ४,६४५ उचलला, बाकीचं सोडलं. पुढं दुसऱ्या विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारनं आपला आकडा बदलून २,९७५ केला. पहिला अभ्यास खोटा होता असं नाही. ६४ टिकणार नाही, हे त्यानंच दाखवलं. पण वादावादी झाली ती त्या एका आकड्यावरून. तुमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असंच लिहा. छापणाऱ्याला ते आवडणार नाही, त्याला सांगा की तसंच छाप.

तुमच्यातल्या काहींनी सुचवलंय की आपण फक्त मुस्लिमांचे मृत्यू मोजू. कब्रस्तानच्या वह्या आपल्या हातात आहेत, कमिटीवाले ओळखीचे आहेत, काम सोपं. मी याच्या विरुद्ध आहे, आणि का ते सांगतो.

एप्रिल २०२० आठवा. केंद्राचं आरोग्य खातं रोजच्या आकड्यांत एक वेगळा रकाना सांगत होतं. १८ एप्रिलला सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे जवळजवळ तीस टक्के, दिल्लीच्या एका मरकजशी संबंधित आहेत. ४,२९१ हा आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. पण टेस्ट कुणाच्या केल्या? ज्यांना शोधून शोधून आणलं त्यांच्या. बाकीच्या गर्दीच्या जागी गेलेल्यांना तेवढंच शोधलं असतं तर काय निघालं असतं, हे त्या रकान्यात नव्हतं. जिथं टॉर्च मारला तिथंच दिसलं. नंतर रस्त्यावर भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवलं जात होतं, ते तुमच्यापैकी काहींनी घरातच बघितलंय. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवर नगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे रद्द केले. साथ आली की सरकार बळीचा बकरा शोधतं आणि या लोकांना तसं निवडलं गेल्याची शक्यता दिसते, असं निकालात म्हटलं. पण निकाल किती जणांनी वाचला? रकाना सगळ्यांनी वाचला होता.

आता आपण फक्त कब्रस्तानच्या वह्या उघडल्या, तर तोच टॉर्च आपणच आपल्यावर मारला. जिल्ह्यात मुस्लिम साधारण आठात एक. बाकी सात जणांचं काय झालं हे न विचारता ‘आमचे जास्त गेले’ म्हणता येत नाही, ‘कमी गेले’ही म्हणता येत नाही. शिवाय ती यादी आपल्या हातातून सुटली की तिचं काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको. मोजायचं तर सगळ्या वस्त्या, सगळी घरं. अंबाजोगाईच्या त्या चितेवर आणि त्या गाडीत होते त्यांच्याही घरी जायचं. तिथं तुम्हाला दारात उभं करतील की नाही, ही शंका मला आहे. पण ते काम टाळून हा अभ्यास होणार नाही.

परवानगीचं बोलू. आपल्या जिल्ह्यात एक मोठं उदाहरण झालंय, ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचं. २०१९ मध्ये बातम्या आल्या, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळजवळ सतरा. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास सांगतात. वयोगट तंतोतंत जुळत नाही, तरी फरक एवढा मोठा आहे की डोळेझाक करता येत नाही. हा आकडा मिळवला हे चांगलंच झालं. आकडा नसता तर ‘एकदोन बायकांचं ऐकून काहीही लिहितात’ असंच म्हटलं गेलं असतं.

पण दुसरी बाजू. गावांची नावं छापून आली. कॅमेरे आले. ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव’ अशी ओळख जगभर झाली. त्या गावातल्या मुलीचं लग्न जमवताना समोरचे काय विचारत असतील? ज्या बाईनं दहा वर्षं सासरी सांगितलं नव्हतं, तिचं काय झालं असेल? गावाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं नाही म्हणून आत्ता तुमचं काही अडलं का?

तर परवानगी म्हणजे सही किंवा अंगठा नव्हे. मुकादम, सरपंच किंवा कमिटीचा सदर शेजारी उभा असताना बाई ‘हो’ म्हणाली, ती परवानगी नाही. तिला एकटीला, शक्यतो आपल्या मुलींपैकी कुणी, सरळ सांगायचं: ‘खाला, यातून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत. अर्ज भरायला मदत हवी असेल तर ती आम्ही वेगळी करू, तुम्ही आम्हाला काही सांगितलं नाही तरी करू. मध्येच नको वाटलं तर थांबू. उद्या फोन केला तर लिहिलेलं पुसून टाकू.’ यातलं शेवटचं वाक्य नुसतं बोलायचं नाही, तसं करता आलं पाहिजे. म्हणजे प्रत्येक घराला नंबर, नावाची यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्डखाली, दोनच माणसांकडे. आधार नंबर घ्यायचा नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्मचे फोटो टाकायचे नाहीत, ‘फक्त कोर टीम’ असली तरी. आणि नुसतं नाव काढलं म्हणजे माणूस लपला, असं समजू नका. एखाद्या गावात आपली तीनच घरं आहेत, त्यातली एक मयत ‘पस्तीस वर्षांची शिक्षिका’ आहे, असं लिहिलं की झालं. अख्खं गाव ओळखतं. तक्ते तालुक्याचे करा, गावाचे नको.

दु:खाचंही वेळापत्रक असतं. कोरोनाला आता काही वर्षं झाली, पण उद्या पूर आला, अपघात झाला आणि तुम्ही वही घेऊन निघालात, तर इद्दतीतल्या बाईला तिचे चार महिने दहा दिवस तरी द्या. दहाव्या-तेराव्याच्या घरातही तेच.

फोटोचा प्रश्न राहिला. त्या रुग्णवाहिकेच्या फोटोमुळं चौकशी झाली, हे खरं. तरी आपल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तो नको, असं माझं मत आहे. त्या बावीस जणांच्या घरच्यांना कुणी विचारलेलं नाही आणि आता तो फोटो काही नवीन सांगत नाही.

भोपाळचं एक सांगतो. वायुगळतीनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं हजारो लोकांचे अभ्यास सुरू केले, १९९४ मध्ये ते बंद केले, आणि सगळे निष्कर्ष लोकांसमोर यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. ज्यांनी रक्त दिलं, त्यांना त्यातून काय निघालं हे वेळेवर कळलंच नाही. तुम्ही अहवाल इंग्रजीत लिहून दिल्लीला पाठवाल, चर्चा होईल. त्याआधी ज्या गावात विचारलं तिथं परत जाऊन, त्यांच्या बोलीत, चावडीवर किंवा मशिदीच्या अंगणात, काय सापडलं ते सांगायचं. त्यांनी ‘हे चुकलंय’ म्हटलं तर ते लिहून घ्यायचं आणि अहवालात छापायचं.

एकदम अकरा तालुके घेऊ नका. एक तालुका, चार गावं, वीस-वीस घरं. या ऐंशी घरांतून आकडा जाहीर करायचा नाही, फक्त आपले प्रश्न चालतात का ते बघायचं. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा तुमच्यापैकी काहींनी मला पाठवला होता, त्याच्या प्रती काढून आणल्यात. सोळावा प्रश्न आहे: ‘तुमच्या मते चूक कुणाची होती?’ मला तो काढून टाकावासा वाटतो. त्यानं कुणाच्या तरी घरात सून, मुलगा नाहीतर गावातला डॉक्टर सापडणार, आणि आपण वही मिटून निघून येणार. मसुदा करणाऱ्या मुलींचं म्हणणं आहे की तोच प्रश्न लोकांना सांगायचा असतो, बाकीचे पंधरा आपल्याला विचारायचे असतात. त्यांचंही मला अगदीच पटत नाही असं नाही. प्रती घ्या, वाचा, चहानंतर यावरच बसू.